स्नायू कोणाच्या आधारावर जगतो? मज्जातंतू, केशवाहिन्या आणि म्हातारपण यांच्या अभ्यासाचा इतिहास

आजच्या विषयाला हात घालण्याआधी आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द घेऊ. 'नस'. इंजेक्शन देताना नर्स म्हणते, नस सापडत नाही. ती रक्तवाहिनी. कंबरदुखीवाला सांगतो, मणक्यात नस दबली आहे. तो मज्जातंतू. आणि रात्री झोपेत पोटरीला गोळा आला की आपण म्हणतो, नस चढली. तो तर चक्क स्नायू! एकाच शब्दात आपण तीन अवयव कोंबले आहेत.

यात हसण्यासारखे काही नाही. शास्त्राच्या भाषेतही हा गोंधळ जुनाच आहे. सुश्रुताच्या गणतीत शरीरात ७०० सिरा, ९०० स्नायू आणि ५०० पेशी येतात. तिथे 'स्नायू' म्हणजे दोरीसारखे बंध आणि 'पेशी' म्हणजे मांसाचा गोळा. आज मराठीत आपण मांसाच्या गोळ्याला स्नायू म्हणतो आणि पेशी हा शब्द भलत्याच गोष्टीला दिला. ग्रीक लोकांचा 'न्यूरॉन' हा शब्दही आधी शिरा-कंडरांसाठीच होता. मज्जातंतू, रक्तवाहिनी आणि स्नायू या तीन गोष्टी वेगळ्या काढायला माणसाला फार वेळ लागला. आणि वेगळ्या काढल्यावर त्या एकमेकींशिवाय जगू शकत नाहीत, हे कळायला आणखी वेळ लागला. आज आपण ही दुसरी गोष्ट पाहणार आहोत.

प्रश्न साधा आहे. स्नायू तीन वेळा बारीक होतो. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला तर होतो. मज्जातंतू तुटला तर होतो. आणि वय झाले की होतो. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, हाडाला चिकटलेली कातडी. पण प्लास्टरमधला हात काही महिन्यांत भरून येतो, आणि तुटलेल्या मज्जातंतूचा हात वेळेत उपाय झाला नाही तर कधीच येत नाही. मग म्हातारपणाची झीज यांपैकी कोणत्या जातीची? पहिल्या, की दुसऱ्या? आपल्या घरातल्या ऐंशीच्या माणसाला 'आता वय झालं' म्हणून खुर्चीत बसवून ठेवायचे की उठवायचे, ते या उत्तरावर ठरते.

सुरुवात इटलीतल्या बोलोन्या शहरापासून करू. १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वीने रक्त शरीरात गोल फिरते हे दाखवून दिले. पण रोहिणीतले रक्त नीलेत जाते कुठून, ही वाट त्याला दिसली नाही. १६५७ मध्ये तो गेला. त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्याला केसाहून बारीक नळ्यांचे जाळे दिसले. याच केशवाहिन्या. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही नाही. तांबडी पेशी त्यातून कशीबशी, एकामागे एक अशी जाते. पुढे त्याच शहरात लुइजी गाल्व्हानी झाला. त्याने १७९१ मध्ये बेडकाचे पाय आणि वीज यांच्या प्रयोगांवरचा प्रबंध छापला. मज्जातंतूतून स्नायूकडे जे जाते ते विजेच्या जातीचे आहे, ही कल्पना तिथून पुढे आली. म्हणजे बघा, शहर एक, प्राणी एक. रक्ताची वाट एकाला सापडली, हुकमाची वाट दुसऱ्याला. पण दोन्ही वाटा एकाच स्नायूत येऊन मिळतात, तिथे नेमके काय होते, हे पुढची दीडशे-दोनशे वर्षे नीट कोणी विचारले नाही.

एकोणिसाव्या शतकात मज्जातंतूची बाजू पुढे सरकली. १८५० मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापले आणि पुढे काय होते ते रोज पाहिले. मेंदूच्या बाजूचा तुकडा टिकला, जिभेकडचा तुकडा मोडत गेला. याचा अर्थ, तंतूला जिवंत ठेवणारे काहीतरी वरून, मूळ पेशीकडून येते. त्यानंतर अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि बंदुकीच्या गोळ्यांनी हातापायांचे मज्जातंतू तुटलेल्या सैनिकांची रीघ लागली. फिलाडेल्फियात अशा रुग्णांसाठी खास रुग्णालयच होते. तिथे सायलस वीअर मिचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या जखमांचा अभ्यास केला आणि १८६४ मध्ये त्यावर पुस्तक काढले. लुळा पडलेला स्नायू वाळतो, त्यावरची कातडी बदलते, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले. जर्मनीत विल्हेल्म एर्ब आणि इतरांनी विजेची परीक्षा बसवली. मज्जातंतू गेलेला स्नायू विजेच्या झटपट तुटक झटक्यांना दाद देत नाही, पण लांब, सलग प्रवाह दिला की संथपणे आकसतो. म्हणजे स्नायू मेलेला नाही, त्याचा स्वभाव बदलला आहे. हे निरीक्षण लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

रक्ताच्या बाजूने पहिले ठळक पाऊल १८७३ च्या सुमारास पॅरिसमध्ये पडले. लुई रांव्हिए याने सशाचे लाल आणि पांढरे स्नायू शेजारी ठेवून तपासले. मटण-कोंबडी खाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कोंबडीची तंगडी गडद आणि छातीचे मांस पांढरे असते. रांव्हिएने दाखवले की लाल स्नायू सावकाश आकसतो, दम धरतो, आणि त्यात केशवाहिन्या दाट असतात. पांढरा झटकन आकसतो, लवकर थकतो. म्हणजे स्नायू काय काम करतो आणि त्याला रक्ताचे जाळे किती, याचा संबंध आहे.

हा संबंध मोजून दाखवला तो कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोगने. काम करणाऱ्या स्नायूला कित्येक पट ऑक्सिजन लागतो, तो पोचतो कसा, हा त्याचा प्रश्न होता. त्याने गिनीपिगच्या रक्तात काळी शाई सोडली, स्नायूचे पातळ काप घेतले आणि काळे ठिपके मोजले. विश्रांतीत थोडेच ठिपके, काम करताना दर चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजारांपर्यंत. मग त्याने एक चित्र कल्पिले: प्रत्येक केशवाहिनी मध्ये, आणि तिच्याभोवती तिने पोसायचा स्नायूचा एक दंडगोल. या दंडगोलाचे गणित त्याला सोडवून दिले आग्नर एरलांग याने. एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गणितज्ञ होता. टेलिफोनच्या लायनी किती लागतील, याचे गणित मांडणारा तोच. १९१९ मध्ये हे काम छापले गेले आणि १९२० मध्ये क्रोगला नोबेल पारितोषिक मिळाले. विश्रांतीत बहुतेक केशवाहिन्या बंदच असतात, हे त्याचे म्हणणे पुढच्या संशोधकांनी जिवंत स्नायूत पाहून बरेच सौम्य केले. बहुतेकींत थोडे तरी रक्त वाहत असते. पण त्याचा मूळ मुद्दा टिकला. केशवाहिनी आणि स्नायुतंतू यांच्यातले अंतर हा जगण्या-मरण्याचा हिशेब आहे.

आता दोन्ही वाटा एकत्र येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्ये मज्जातंतूंच्या जखमांवर मोठे काम चालले होते. तिथे अर्न्स्ट गुटमान हा झेक संशोधक होता. १९४४ मध्ये त्याने आणि जे. झेड. यंग यांनी सशांवर केलेले प्रयोग छापले. प्रश्न व्यवहारी होता: तुटलेला मज्जातंतू उशिरा जोडला तर स्नायू परत येतो का? उत्तर असे की, जितका उशीर, तितके कमी.

याचा हिशेब आपणच करून बघू. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापाशी तुटला तर तळहाताच्या स्नायूंपर्यंत पोचायला पाऊण वर्ष लागते. खांद्यापाशी तुटला तर दीड-दोन वर्षे. तोपर्यंत तळहातातला स्नायू वाट बघत बसतो का? बसतो, पण कायम नाही. त्याचे तंतू बारीक होतात, मधे चिवट धाग्यांचे आणि चरबीचे भरण होते, आणि मग मज्जातंतू दारात येऊन उभा राहिला तरी घरात कोणी नसते. म्हणून अपघातात हाताचा मज्जातंतू कापला गेला तर 'जखम आधी सुकू दे, मग बघू' यात गेलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

युद्धानंतर गुटमान प्रागला परतला आणि त्याच्या प्रयोगशाळेतून १९६२ मध्ये मज्जातंतू तुटलेल्या स्नायूवर एक मोठा ग्रंथ निघाला. त्या काळात वाद जोरात होता. मज्जातंतू स्नायूला जगवतो तो कसा? त्यातून काही 'खाऊ' येतो, की नुसता कामाचा हुकूमच पुरतो? १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे बुलर, जॉन एक्लिस आणि त्याची मुलगी रोझामंड एक्लिस यांनी मांजराच्या जलद आणि मंद स्नायूंचे मज्जातंतू अदलाबदल करून जोडले. जलद स्नायू मंद होऊ लागला आणि मंद स्नायू जलद. खाऊवाले खूश झाले. पण १९६९ मध्ये बर्मिंगहॅममध्ये स्टॅन्ली सॅमन्स आणि गेर्टा व्हर्बोव्हा यांनी वेगळेच केले. मज्जातंतू तोच ठेवला, फक्त त्याला सेकंदाला दहाच्या संथ चालीने आठवडेच्या आठवडे विजेचे ठोके दिले. जलद स्नायू मंद झाला. म्हणजे खाऊ न बदलता, नुसत्या कामाच्या चालीने स्नायूचा स्वभाव बदलला. आणि १९७२ मध्ये ल्योमो आणि रोझेन्थाल यांनी मज्जातंतू नसलेल्या स्नायूलाच थेट वीज देऊन दाखवले की मज्जातंतू तुटल्यावर येणारे काही बदल त्यामुळे टळतात. पारडे कामाच्या बाजूला झुकले, जरी खाऊची बाजू अगदीच खोटी ठरली नाही.

व्हर्बोव्हा मूळची स्लोव्हाकियातली, नाझींच्या छळातून वाचलेली, गुटमानच्या प्रागमध्ये काम शिकलेली. तिच्यासारखीच तिथून बर्मिंगहॅमला आलेली दुसरी शास्त्रज्ञ म्हणजे ओल्गा हुडलिका. हुडलिकाने त्याच विजेच्या ठोक्यांखाली केशवाहिन्या मोजल्या. काही दिवसांतच त्या वाढू लागल्या आणि सुमारे महिन्याभरात दुपटीच्या आसपास गेल्या. महत्त्वाचे हे की, स्नायूचा वेग बदलण्याआधीच रक्ताचे जाळे दाट होऊ लागले होते. काम वाढले की रक्त जोरात वाहते, नळीच्या आतल्या भिंतीला घासते, स्नायू ताणला जातो तशी नळीही ताणली जाते, आणि या ओढाताणीतून नवी वाहिनी फुटण्याचे रासायनिक संदेश निघतात. माणसातही असेच होते. १९७७ मध्ये अँडरसन आणि हेन्रिकसन यांनी तरुणांना आठ आठवडे सायकल मारायला लावली, मांडीतून सुईने स्नायूचा कण काढून पाहिला, केशवाहिन्या सुमारे २० टक्क्यांनी वाढलेल्या होत्या.

मग उलट बाजू. मज्जातंतू तुटला तर केशवाहिन्यांचे काय? इथे अनेकांची फसगत झाली, आणि ती मोजण्याच्या पद्धतीने झाली. असं बघा, एका चाळीत ३० खोल्या आहेत आणि ४५ नळ. खोलीमागे दीड नळ. उद्या सगळ्या खोल्या अर्ध्या केल्या आणि दहा नळ कायमचे बंद केले. पाणी कमी झाले ना? पण कोणी 'दर हजार चौरस फुटांना किती नळ' असे मोजले तर आकडा वाढलेला दिसेल! कारण जागाच निम्मी झाली. मज्जातंतू तुटल्यावर स्नायुतंतू झपाट्याने बारीक होतात, म्हणून चौरस मिलिमीटरवर मोजले की सुरुवातीला केशवाहिन्या भरपूर दिसतात. शिवाय मज्जातंतूबरोबर वाहिन्या आवळून धरणारे बारीक तंतूही तुटतात, त्यामुळे रक्ताचा प्रवाह लगेच आटत नाही, उलट काही काळ वाढतो. पण एका स्नायुतंतूमागे किती केशवाहिन्या, असे मोजले की खरे चित्र दिसते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बोरिसोव्ह, हुआंग आणि कार्लसन यांनी २००० मध्ये छापलेल्या उंदरांवरच्या अभ्यासात हा आकडा पहिल्या सात महिन्यांत १.५५ वरून ०.१९ वर आला. दीड नळ होते, तिथे पाच खोल्यांत मिळून एक राहिला. आणि ज्या राहिल्या, त्या चिवट धाग्यांमुळे स्नायुतंतूपासून दूर ढकलल्या गेल्या. क्रोगचा दंडगोल आठवा. अंतर वाढले की पोषण संपले.

इथे क्रम ध्यानात घ्या. रक्त आटले म्हणून स्नायू वाळला, असे नाही झाले. हुकूम थांबला, काम थांबले, स्नायुतंतू बारीक झाले, आणि मग मागणी नाही म्हणून नळ बंद होत गेले. पण एकदा नळ गेले की परतीची वाटही बिकट होते.

आता म्हातारपण. हाच गुटमान आयुष्याच्या शेवटच्या काळात वयस्कर प्राण्यांच्या स्नायूंकडे वळला होता, कारण त्याला दोन्हींत साम्य दिसत होते. १९७७ मध्ये इंग्लंडात टॉमलिन्सन आणि अर्व्हिंग यांनी १३ ते ९५ वयाच्या ४७ मृत माणसांच्या मज्जारज्जूतल्या, पायांना हुकूम देणाऱ्या पेशी मोजल्या. साठीपर्यंत फारसा फरक नाही, त्यानंतर घट. काही वृद्धांत तर तरुणांच्या निम्म्याच उरल्या होत्या. १९८८ मध्ये स्वीडनच्या यान लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी १५ ते ८३ वयाच्या ४३ निरोगी पुरुषांच्या मांडीचा अख्खा स्नायू मृत्यूनंतर आडवा कापून तंतू मोजले. विशीपासून ऐंशीपर्यंत स्नायूचे क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी घटले होते, आणि त्याचे मुख्य कारण तंतू बारीक होणे हे नसून तंतूंची संख्याच कमी होणे हे होते.

एक पेशी मेली की तिचे स्नायुतंतू अनाथ होतात. शेजारची पेशी आपल्या तंतूला फांद्या फोडून त्यांतल्या काहींना दत्तक घेते. म्हणून वृद्धांच्या स्नायूत एकाच जातीच्या तंतूंचे पुंजके दिसतात. पोलिओतून सावरलेल्या मुलांचे स्नायू याच दत्तकविधीने उभे राहिले. पण दत्तक घेणाऱ्यावर भार वाढतो. पोलिओनंतर तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा अशक्तपणा येतो, त्याचे एक स्पष्टीकरण हेच दिले जाते. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, पण आधीच्या साथींतून वाचलेली माणसे आज आपल्यात पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्या नव्या थकव्याला आळस म्हणू नये.

म्हणजे म्हातारपणाची झीज निम्मी दुसऱ्या जातीची आहे, मज्जातंतू तुटल्यासारखी, थेंबाथेंबाने होणारी. पण निम्मी पहिल्या जातीची, प्लास्टरसारखी, न वापरण्याची. या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकेच्या अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ च्या एका परिषदेत सुचवले. केशवाहिन्यांचा आकडा या दोन भागांतला दुसरा भाग उघड करतो. वृद्धांत स्नायुतंतूमागे केशवाहिन्या कमी असतात, पण १९९२ मधल्या अभ्यासात ६० ते ७० वयाच्या स्त्री-पुरुषांनी ९ ते १२ महिने दमदार व्यायाम केला तेव्हा त्या वाढल्या. मेलेली मज्जापेशी परत येत नाही. बंद झालेला नळ पुष्कळदा परत सुरू होतो.

आपल्याकडे ही गोष्ट कुष्ठरोगात दिसली. कोपराला ठेच लागली की झिणझिण्या येतात तो मज्जातंतू या रोगात मरतो, तळहाताचे लहान स्नायू वाळतात, बोटे आत वळतात. लोक समजत, मांस सडते आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड आणि पुण्याजवळ कोंढव्याला, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांच्यासारख्या शल्यविशारदांनी ओळखले की हुकूम गेलेला स्नायू जुन्या जखमेत परत आणता येणार नाही, पण ज्याचा मज्जातंतू शाबूत आहे अशा स्नायूची कंडरा वळवून बोटांना लावता येते. त्या हातांनी माणसे पुन्हा चहाचा कप धरू लागली. आणि एर्बची जुनी वीजही परत आली. व्हिएन्नाचे हेल्मुट केर्न आणि पादुआचे उगो कार्रारो यांनी, ज्यांच्या पायांचे मज्जातंतू कायमचे गेले आहेत, अशा रुग्णांना घरच्या घरी दोन वर्षे लांब ठोक्यांची वीज दिली. मांडीचे स्नायू भरले, काही जण विजेच्या मदतीने उभे राहिले. वर्षानुवर्षे वीज देत राहावे लागते, ही मोठी अट आहे.

वेळ संपत आली आहे. एक चिठ्ठी आली आहे, ती वाचून थांबू. विचारले आहे, 'आमच्या आजी नव्वदीच्या आहेत. आता व्यायामाचा उपयोग काय?' १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धांच्या रुग्णालयात मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूचा वजनाचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, स्नायूचा आकार मात्र सुमारे ९ टक्क्यांनीच. म्हणजे आधी हुकूम सुधारला, मांस नंतर. आजींच्या डॉक्टरांना विचारा, हृदय-सांधे तपासून घ्या, आणि मग खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव कोणाच्या तरी आधाराने सुरू करा. पाचदा जमले नाही तर दोनदा. पुढच्या आठवड्यात तीनदा.